कुंडीतले प्रश्न : सक्युलंट आणि सोलापूरचं ऊन

मार्चपासून साचलेली पत्रं यावेळी एकत्र घेतली आहेत, कारण बहुतेकांचा विषय एकच आहे. वास्तुशांत असो, वाढदिवस असो की ऑफिसातला निरोप समारंभ, हल्ली हातात एक इवलीशी कुंडी येते. सक्युलंट, म्हणजे जाड पानांचं गोजिरवाणं रोप, वर पांढरे खडे आणि सोबत चिठ्ठी : ‘आठवड्यातून एकदा पाणी, फारशी देखभाल नको.’ ही चिठ्ठी ज्या हवेसाठी लिहिलेली असते ती सोलापूरची हवा नव्हे. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४० ओलांडतो, मे महिन्यात ४३ पर्यंतही जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कमी पडला तरी ढगाळ, दमट दिवस भरपूर असतात. एकाच कुंडीला हे सगळं सोसायचं असतं. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत माझा आग्रह एकच दिसेल : पाणी किती घालू हे विचारण्याआधी आपलं रोप कोणत्या ऋतूत वाढतं आणि कोणत्या ऋतूत झोपतं, ते ओळखा.

प्रश्न : मुलीनं पुण्याहून येताना गुलाबाच्या फुलासारखं दिसणारं सक्युलंट आणलं. चिनी मातीच्या पांढऱ्या वाटीएवढ्या कुंडीत आहे. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलंय. दर रविवारी अर्धी वाटी पाणी घालते, एकदाही चुकवलं नाही. सुरुवातीला छान होतं. आता खालची पानं पिवळट, आत पाणी भरल्यासारखी झाली आहेत आणि हात लावला की गळतात. मधला दांडाही लांबलाय. कुठलं खत घालू? मुलगी दिवाळीला येणार आहे ओ, तोवर सुधारायला पाहिजे.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, खत अजिबात घालू नका. मुळं कुजत असताना खत दिलं तर उरलीसुरली मुळंही जातात. आधी कुंडी उचलून तिचा तळ बघा. अशा शोभेच्या वाट्यांना बहुधा भोक नसतं. वरून माती कोरडी दिसते, रविवार येतो, तुम्ही पाणी घालता, आणि तळाशी मागच्या रविवारचं पाणी तसंच असतं. मुळांना हवा मिळत नाही, ती काळी पडतात, आणि कूज दांड्यातून वर चढायला लागते.

पान मऊ पडण्याचे दोन प्रकार असतात. तहानलेलं पान सुरकुततं, पातळ होतं, पण झाडाला घट्ट धरून राहतं. पाणी जास्त झालेलं पान फुगीर आणि अर्धपारदर्शक होतं आणि नुसत्या स्पर्शानं गळतं. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे. गडबड अशी होते की पान मऊ लागलं म्हणून माणूस आणखी पाणी घालतो.

आता उपाय. आजच रोप मातीतून काढा. मुळं झटका, दांडा बोटानं दाबून बघा. जिथपर्यंत मऊ किंवा काळा आहे तिथपर्यंत धारदार, स्पिरिटनं पुसलेल्या चाकूनं कापून टाका. कापलेल्या जागेत तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. सगळीकडे स्वच्छ हिरवट पांढरा गाभा दिसेपर्यंत थांबू नका, मग वर फक्त पानांचा गुच्छ आणि बोटाच्या पेराएवढा दांडा उरला तरी चालेल. तो गुच्छ सावलीत, वर्तमानपत्रावर, चार-पाच दिवस तसाच पडू द्या. पाणी नाही, माती नाही. कापलेल्या जागी कोरडी खपली धरली की लावायचा. ही खपली धरायच्या आत ओल्या मातीत लावलेली रोपं हमखास पुन्हा कुजतात, म्हणून इथे घाई करू नका.

माती कोणती, यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण सोलापुरात खरी अडचण इथेच येते. कुंड्यांत दोन प्रकारची माती दिसते. एक, नर्सरीतून आलेला निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो पाणी धरून ठेवतो, आणि एकदा कडकडीत वाळला की पाणी आतच घेत नाही, सगळं कडेनं वाहून जातं. दुसरी आपली काळी माती. ज्वारीला ती सोन्यासारखी, पण कुंडीतल्या सक्युलंटला तिचा त्रास होतो. ओली झाली की फुगते आणि चिकट गोळा होते, वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगा बारीक मुळं तोडतात. तिसरी गोष्ट मात्र आपल्या दारात आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही : मुरूम. बांधकामाच्या जागी विचारा, घमेलंभर सहज देतात. चाळून घ्या. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतच्या आकाराचे खडे ठेवा, पीठ टाकून द्या, आणि ठेवलेले खडे पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा. असा मुरूम दोन भाग, बागेतली तांबूस भुसभुशीत माती एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. मुरूम मिळाला नाही तर विटेचे तेवढेच बारीक तुकडे किंवा खडीक्रशरवरची धुतलेली कच चालेल. मिश्रण मुठीत दाबून सोडलं की लगेच विस्कटलं पाहिजे.

कुंडी मातीची घ्या, भोकाची, आणि गुच्छाच्या रुंदीपेक्षा फार तर दोन बोटं मोठी. मोठी कुंडी म्हणजे जास्त माती, आणि जास्त माती म्हणजे जास्त दिवस ओल. पांढरी वाटी आवडत असेल तर मातीची छोटी कुंडी तिच्यात ठेवा, फक्त पाणी घालताना बाहेर काढा आणि निथळली की परत ठेवा.

आता दांडा का लांबला ते. हे रोप म्हणजे एचेव्हेरिया. मूळचं मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ पठारांचं, जिथे उजेड प्रखर आणि रात्री थंड असतात. टीव्हीशेजारी आपल्याला जो उजेड वाटतो तो त्याच्यासाठी अंधारच आहे. ट्यूबलाइटनं काम भागत नाही. पूर्वेच्या खिडकीत, सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळेल असं ठेवा. लांबलेला दांडा परत आखूड होत नाही, पण तुम्ही तो कापणारच आहात, त्यामुळे नवीन गुच्छ जमिनीलगत दिसेल.

लावल्यावर आठवडाभरानं पहिलं पाणी, मग माती पूर्ण वाळल्याशिवाय दुसरं नाही. वाळली की नाही हे बघायला उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा. काडी कोरडी, स्वच्छ निघाली तर पाणी द्या, आणि तेव्हा मात्र अर्धी वाटी मोजून नको, भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्या. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतील. गळलेल्यांपैकी जी पानं बुडापाशी घट्ट आणि निरोगी असतील ती टाकू नका, त्यांचं काय करायचं ते शेवटच्या पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न : गुढीपाडव्याला गच्ची झाडून काढली तेव्हा घरातली जेडची कुंडी उन्हात ठेवली. जेडला ऊन लागतं असं वाचलं होतं. चार दिवसांत पानांवर पांढरे, भाजल्यासारखे डाग पडले, काही पानं गळाली. रोज पाणी घालत होतो तरी असं झालं. डाग जातील का? आणि शेजाऱ्यांचं जेड तिथेच गच्चीवर मजेत कसं?
— एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : डाग जाणार नाहीत. भाजलेला भाग तसाच राहतो, नवीन पानं स्वच्छ येतात. डागाळलेली पानं लगेच तोडू नका, त्यांचा हिरवा भाग अजून कामाचा आहे. नवी फूट आली की हळूहळू काढा.

शेजाऱ्यांचं जेड मजेत आहे याचं कारण बहुतेक ते वेगळं झाड आहे. नर्सऱ्यांत ‘जेड’ म्हणून दोन रोपं विकली जातात. एकाची पानं अंगठ्याएवढी, जाड, गडद हिरवी, कडेला उन्हात लालसर. ते क्रासुला ओव्हाटा, खरं जेड. दुसऱ्याची पानं नखाएवढी, गोल, फांद्या बारीक आणि लालसर तपकिरी, वाढ झुडपासारखी पसरट. ते पोर्तुलाकारिया आफ्रा. दोन्ही दक्षिण आफ्रिकेची, पण जवळची भावंडं नव्हेत. पोर्तुलाकारिया तिथे हत्ती खातात. मोडलं, तुडवलं तरी पडलेल्या फांदीला मुळं फुटतात, इतकं ते चिवट. सोलापूरच्या गच्चीवर मी बाराही महिने बिनछपराचं ठेवते ते हेच. मोठ्या पानांच्या जेडला मात्र मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत दुपारची सावली लागतेच.

शिवाय रोप घरातून एकदम उन्हात गेलं. सावलीत वाढलेल्या पानाला उन्हाची सवय नसते. दोन आठवडे रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेलं असतं तर पानांनी जुळवून घेतलं असतं, तेही हिवाळ्यात सुरू केलं तर. पाडव्याचं ऊन ही सुरुवातीची वेळ नव्हे.

तुम्ही रोज पाणी घातलंत, त्याबद्दल जरा मागे जाऊन सांगते. पानफुटी तुम्हाला माहीत असेल, पान मातीवर टाकलं की कडेनं पिल्लं फुटतात ती. बेंजामिन हाइने हा वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात काम करत असताना त्यानं १८१३ मध्ये पानफुटीबद्दल एक नोंद केली : हिचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं. कारण पुढे उलगडलं. आपली नेहमीची झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात. ही जाड पानांची मंडळी ती दिवसा बंद ठेवतात, म्हणजे पाणी उडून जात नाही, आणि रात्री गारव्यात उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. रात्रभर तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात वापरतात. म्हणून पान सकाळी आंबट. जेडचंही हेच चालतं.

आता सोलापूरचा मे आठवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत धग सोडत असतो. कितीतरी रात्री पारा २५-२६ च्या खाली उतरत नाही. अशा रात्री ही छिद्रं नीट उघडत नाहीत, रोपाचं काम थांबतं, ते झोपतं. झोपलेलं रोप पाणी ओढत नाही. आपण मात्र ‘उन्हाळा आहे, तहान लागली असेल’ म्हणून रोज घालतो, ते पाणी गरम मातीत तसंच राहतं आणि मुळं उकडतात. म्हणून क्रासुला, एचेव्हेरिया आणि हॉवर्थिया (हेही एक छोटं सक्युलंट) या तिघांना एप्रिल-मेमध्ये पंधरा-वीस दिवसांनी, पानं सुरकुतायला लागली तरच, आणि संध्याकाळी उशिरा पाणी. त्यांची वाढ आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत होते. खत, कलम, कुंडी बदलणं हे सगळं तेव्हा.

कुंडी स्लॅबवर थेट ठेवू नका. खाली दोन विटा किंवा फळी घाला, म्हणजे हवा खेळते. काळी प्लॅस्टिकची कुंडी असेल तर भोवती पोतं गुंडाळा. वर ५० टक्के सावलीची हिरवी नेट बांधा.

प्रश्न : गिरणीतून निवृत्त झाल्यावर झाडांचा नाद लागला. अडेनियम आणलं, फुलं लागलेलीच होती. वर्ष झालं, पानं भरपूर, फूल एकही नाही. व्हरांड्यात, छपराखाली आहे. शेंगपेंड भिजवून ते पाणी दर आठवड्याला घालतो. बुंधा मऊ लागतो हल्ली. झाड म्हातारं झालं का?
— एक ज्येष्ठ वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : काका, अडेनियम वर्षात म्हातारं होत नाही. नीट सांभाळलेली झाडं कितीतरी वर्षं जगतात आणि दरवर्षी बुंधा जास्त देखणा होत जातो. सोलापूरला शोभणारं सक्युलंट कोणतं असं कोणी विचारलं तर मी पहिलं नाव याचंच घेते. सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा आणि अरबस्तान हे त्याचं माहेर. वर जी तीन नावं सांगितली त्यांच्या अगदी उलट याचं वेळापत्रक. उन्हाळ्यात वाढतं, फुलतं. डिसेंबर-जानेवारीत झोपतं, पानंही गाळतं.

फूल नाही याला तुमच्या पत्रातच दोन कारणं आहेत. छपराखाली ऊन नाही. याला सहा तास थेट ऊन पाहिजे, आपल्या उन्हाला ते घाबरत नाही. आणि शेंगपेंडीत नत्र भरपूर असतं, त्यानं पानं फोफावतात आणि फुलं मागे पडतात. शिवाय पेंडीच्या पाण्यानं मुंग्या आणि बुरशी येते. पेंड तुळशीला, गुलाबाला घाला. अडेनियमला वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि चमचाभर बोनमील (हाडांचा चुरा) पुरे.

मऊ बुंध्याची काळजी आधी घ्या. बुंधा सगळीकडून सारखा मऊ असेल आणि साल सुरकुतली असेल तर ती तहान आहे, पाणी दिल्यावर पुन्हा घट्ट होईल. पण एकाच जागी मऊ, दाबलं की बोट आत जातं, घाण वास येतो, असं असेल तर ती कूज. तेवढा भाग चमच्यानं खरवडून निरोगी गाभ्यापर्यंत जा, बुरशीनाशक पूड लावा (मी हळदही लावते), आणि मुळं उघडी ठेवून आठवडाभर सावलीत उलटं टांगा. जखम पूर्ण वाळल्यावरच नव्या, पहिल्या उत्तरात सांगितलेल्या मातीत लावा, आणि मुरमाचं प्रमाण थोडं वाढवा.

पावसाळ्यात संततधार लागली तर कुंडी छपराखाली, ऊन पडलं की पुन्हा बाहेर. हिवाळ्यात पानं गळाली की पाणी जवळजवळ बंद. फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी ओसरली की छाटणी करा. प्रत्येक फांदी एक-तृतीयांश ठेवा. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, त्यामुळे छाटायला हात आखडू नका. दीड-दोन महिन्यांत कळ्या दिसतील. नर्सरीतून आणलेलं रोप कलमी असेल तर कलमाच्या जोडाखालून येणारी फूट दिसताच काढून टाका. ती वाढली तर वरचं रंगीत कलम मागे पडतं.

एक सूचना मनापासून. अडेनियम कण्हेरीच्या कुळातलं आहे आणि कण्हेरीसारखाच याचा चीक विषारी आहे. आफ्रिकेत शिकारी तो बाणांना लावत आले आहेत. छाटताना हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा, डोळ्याला हात लावू नका. नातवंडं रांगती असतील तर कुंडी कठड्यावर, त्यांच्या हाताबाहेर ठेवा. युफोर्बिया आणि शेर यांच्या चिकाबद्दलही हेच.

प्रश्न : कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर जमतो. बुरशी आहे का? नळाला रोज पाणी येत नाही म्हणून झाडांना बोअरचं किंवा फिल्टरचं वाया जाणारं पाणी घालते. कूलरचंही घालते.
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : नखानं खरवडून बघा. कुरकुरीत पापुद्रा निघाला तर तो क्षार आहे, बुरशी कापसासारखी असते. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. सक्युलंटला आपण पाणी थोडं थोडं देतो, ते तळातून वाहून जात नाही, त्यामुळे क्षार मातीतच साठतात आणि पानांची टोकं करपायला लागतात.

तुम्ही सांगितलेल्या तीन पाण्यांपैकी बोअरचं त्यातल्या त्यात बरं. आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी म्हणजे क्षार एकवटलेलं पाणी. कूलरच्या टाकीतही तेच होतं, दिवसभर पाणी उडतं आणि तळाशी राहतं ते आणखी खारट. ही दोन्ही फरशी पुसायला वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार नाममात्र. बादली लावून ठेवा, सक्युलंटला ते उत्तम. आणि पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. छतावरची धूळ पहिल्या सरीत धुऊन गेली की पुढचं पाणी पिंपात धरा. मी झाकण घट्ट लावून, डास होऊ न देता, हिवाळ्यापर्यंत पुरवते.

जमलेला थर वरच्या मातीसकट खरवडून काढा. मग कुंडी निथळेल अशी ठेवून पिंपातलं पावसाचं पाणी दोन-तीन वेळा वरून सोडा, तळातून खळाळून जाऊ द्या. पुढेही दर दोन महिन्यांनी असं एकदा करा. हे धुणं सकाळी, स्वच्छ उन्हाच्या दिवशी करावं, ढगाळ हवेत नको.

प्रश्न : जेडच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके आलेत. पुसले तरी पुन्हा येतात. शेतावर फवारणीचं औषध शिल्लक आहे, ते मारू का?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : नाही. शेतावरचं औषध घरात, खिडकीत, मुलांच्या वावरात कधीच फवारू नका. तुम्ही शेतकरी आहात म्हणजे हा किडा तुम्ही ओळखता, हा पिठ्या ढेकूण. माझे वडील सांगोल्याकडे डाळिंब करायचे, मी लहानपणापासून याला बघत आले आहे. डाळिंबावर तो जसा मुंग्यांच्या आधारानं पसरतो तसाच कुंडीतही. मुंग्या त्याचा गोड स्राव खातात आणि त्याला जपतात. तेव्हा आधी मुंग्यांची वाट बंद करा. कुंडीखाली ताटली, ताटलीत पाणी, आणि कुंडी पाण्याला टेकणार नाही अशी मध्ये विटेच्या तुकड्यावर.

कुंडी बाकीच्यांपासून लांब न्या. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट कानाच्या काडीवर घेऊन प्रत्येक ठिपक्याला लावा. आधी एका पानावर लावून दिवसभर बघा. दर चार-पाच दिवसांनी पुन्हा, निदान महिनाभर, कारण अंडी मागे राहतात. त्यासाठीच एकदा पुसून भागत नाही. प्रादुर्भाव जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन-चार थेंब, चांगलं ढवळून, सूर्य मावळल्यावर फवारा. दिवसा फवारलं तर तेलावर ऊन पडून पानं भाजतात. एचेव्हेरियावर मात्र हे तेल वापरू नका. तिच्या पानांवरची पांढरी भुकटी हे तिचं उन्हापासूनचं संरक्षण असतं, ती तेलानं निघून जाते आणि परत येत नाही.

सगळं करूनही रोप मलूल राहिलं तर कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवरही असाच पांढरा किडा असतो, तो वरून दिसत नाही. मुळं वाहत्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, माती टाकून द्या, कुंडी उकळत्या पाण्यानं धुवा.

प्रश्न : हिरव्या खोडावर लाल चेंडू असलेला निवडुंग आणला होता. लाल भाग सुकून गेला, खालचा हिरवा जिवंत आहे. आणि काटेरी झाड घरात ठेवू नये म्हणतात, त्यामुळे तर नाही ना?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : काट्यांचा संबंध नाही. ती दोन झाडं जोडलेली असतात. वरच्या लाल भागात हरितद्रव्यच नसतं, त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, खालच्या हिरव्या खोडावर तो जगतो. अशी जोडी बहुधा काही वर्षंच टिकते. लाल भाग कापून टाका आणि खालचं खोड वाढू द्या. ते ड्रॅगन फ्रूटच्या जातकुळीचं असतं, सांगोला-पंढरपूरकडे शेतात लावलेलं तुम्ही पाहिलं असेल. आधार दिलात तर जोमानं चढतं. घरात काय ठेवावं हा तुमच्या श्रद्धेचा भाग आहे, त्यात मी पडत नाही. जाण्यायेण्याच्या वाटेवर काटेरी कुंडी ठेवू नये हे मात्र मीही सांगेन, लागतं म्हणून.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे. आमच्या जेडच्या पानापासून नवीन झाड करून मला भाऊबीजेला दादाला द्यायचं आहे. तो वसतिगृहात राहतो. पान मातीत खोचलं ते काळं पडलं. कसं करू?
— एक विद्यार्थिनी, दमाणी नगर

उत्तर : पान खोचायचं नाही, नुसतं वर ठेवायचं. पान तोडताना दोन बोटांत बुडापाशी धरून हळूच डावी-उजवीकडे हलव, म्हणजे ते मुळापासून सुटेल. अर्धं तुटलेलं पान चालत नाही, कारण नवा कोंब त्या बुडातूनच येतो. दोन-तीन दिवस सावलीत वाळू दे. मग एका पसरट ताटलीत, तळाला भोकं पाडून, मुरमाचं मिश्रण भर आणि त्यावर पानं आडवी ठेव. ताटली उजेडात, पण उन्हात नाही. दोन-तीन आठवड्यांत बुडाशी बारीक मुळं दिसतील. तोवर पाणी देऊ नकोस. मुळं दिसली की फक्त मुळांच्या बाजूला दोन दिवसाआड पाण्याचा फवारा मार. मग इवली पानं येतात. जुनं पान सुकत जातं, ते ओढून काढू नकोस, आपोआप सुटतं. सगळी पानं रुजत नाहीत, म्हणून एकाऐवजी सहा-सात ठेव.

ऑक्टोबर हा यासाठी सोलापूरचा सगळ्यात चांगला महिना. पण पानापासून झालेलं रोप भाऊबीजेपर्यंत नखाएवढंही होणार नाही, ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत जरा दिसायला लागेल. म्हणून भेटीसाठी फांदी लाव. बोटभर लांबीची फांदी आईला कापून द्यायला सांग, खालची चार पानं काढ, पाच दिवस सावलीत वाळव आणि छोट्या मातीच्या कुंडीत लाव. कुंभार वेशीत पणत्यांबरोबर छोट्या कुंड्या मिळाल्या तर बघ, तळाला भोक आहे का ते उलटी करून पाहूनच घे. तीन आठवड्यांत मुळं धरतील. हलकेच वर ओढून बघ, फांदी घट्ट लागली म्हणजे धरली.

देण्याआधी दादाला त्याच्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आहे ते विचार. पूर्वेची किंवा दक्षिणेची असेल तर जेड दे. उत्तरेची असेल आणि ऊन अजिबात येत नसेल तर जेड तिथे लांबत जाईल. त्याऐवजी हॉवर्थियाचं पिल्लू दे, आफ्रिकेत ते झुडपांच्या सावलीतच वाढतं. जेडची फांदी मग तुझ्याकडे ठेव.